कॅनिस्टर फिल्टरच्या नळ्यांचे घरगुती जोड : प्रकल्प नोंदी

माशांची टाकी तीन फुटी (९० × ४५ × ४५ सेंमी), पाणी साधारण १६० लिटर. आत एंजल आणि कोरी मासे, शिवाय भरपूर गोगलगाई. जुना कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेर राहणारा, नळ्यांनी पाणी ओढून, गाळून परत सोडणारा मोटरचा डबा) २,२०० रुपयांना मिळाला. मोटर ठणठणीत, झाकणाचं रबर चांगलं. नव्हतं ते बाहेरचं सामान : काचेवरून वळून जाणारे पाइप, ओढीच्या (टाकीतून पाणी आत घेणाऱ्या) टोकाची जाळी, स्प्रे बार (गाळलेलं पाणी टाकीत सोडणारा भोकांचा पाइप), कॉक आणि नळी पकडून ठेवणारे नट. कंपनीचा तो संच वेगळा घ्यायचा तर १,९०० रुपये. नुसती नळी काठावरून टाकीत सोडली तरी पाणी फिरतं, पण नळी काठावर मुडपते आणि फिल्टर धुवायला काढताना खोलीभर पाणी होतं. हाच संच प्लंबिंगच्या सामानातून करायचं ठरवलं. ज्यांना करायचं आहे त्यांच्यासाठी मापं आणि खर्च तपशिलात लिहीत आहे.

१ फेब्रुवारी २०२५

आज फक्त मोजमाप. फिल्टरच्या डोक्यावरची दोन्ही नळकांडी बाहेरून १६ मिमी, टोकाला जरा फुगीर. म्हणजे नळी १६/२२ ची : आतून १६, बाहेरून २२ मिमी. लहान फिल्टरांना १२/१६ लागते, तेव्हा आधी आपलं नळकांडं मोजा.

घरात पडलेले पाइपांचे तुकडेही मोजले. तिन्हींना दुकानात ‘अर्धा इंची’ किंवा ‘लहान’ म्हणतात, पण मापं वेगवेगळी. क्रीम रंगाचा अर्धा इंची सीपीव्हीसी बाहेरून १५.९ मिमी. पांढरा अर्धा इंची यूपीव्हीसी २१.३ मिमी. वायरिंगचा पाइप २० मिमी. नावावर जाऊ नका, दुकानात व्हर्नियर (व्यास नेमका मोजायचं साधन) घेऊन जा.

१५.९ हा आकडा बघून बरं वाटलं. १६ मिमी पोकळीच्या नळीत तो जवळपास नेमका बसतो.

दाब किती येणार तेही काढलं. फिल्टर जमिनीवर, पाण्याची पातळी त्याच्या वर सव्वा मीटरच्या आत. म्हणजे ०.१२ बार. १६ मिमी नळीच्या तोंडावर हा दाब जेमतेम पाव किलोचा जोर लावतो. नळी निसटते ती या दाबानं नाही. भरलेला डबा उचलताना नळीला जो हिसका बसतो, त्यानं निसटते. जोड पारखायचा तर ओढून पारखायचा, हे इथेच पक्कं केलं.

२ फेब्रुवारी

हार्डवेअरच्या दुकानात ‘नळीचं नोझल’ मागितलं की पितळी पुढे येतं. मजबूत, खाचा सुरेख, ९० रुपयांना एक. तरीही घेतलं नाही. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. पाण्यात उतरणारं थोडंसं तांबंसुद्धा गोगलगाई आणि कोळंबीला मारक असतं, आणि फिल्टरमधून तेच पाणी दिवसरात्र फिरत राहणार. सीपीव्हीसीच्या ज्या जोडांच्या आट्यांना आतून पितळी बुश असतो तेही त्याच कारणानं बाद. पूर्ण प्लास्टिकच्या आट्यांचे मिळतात, पण मी आटे शक्य तिथे टाळलेच.

सीपीव्हीसी पाइप घेताना त्यावर आयएस १५७७८ हा भारतीय मानकाचा क्रमांक छापलेला बघून घेतला, हा पिण्याच्या पाण्याचा पाइप असतो. वायरिंगचा पाइप स्वस्त आणि वाकवायला सोपा, पण तो पाण्यासाठी बनवलेलाच नसतो. त्यात कोणतं स्टॅबिलायझर (प्लास्टिक टिकवणारं द्रव्य) आहे ते आपल्याला कळायला मार्ग नाही. टाकीच्या पाण्यात तो नको.

८ फेब्रुवारी

नाशिकमध्ये राहून ठिबकचं सामान वापरून बघितलं नाही असं कसं होईल. पंचवटीत मार्केट यार्डाकडे द्राक्षवाल्यांची दुकानं आहेत, तिथून १६ मिमीचे जॉइनर, एल्बो (काटकोनी जोड) आणि लॅटरलचे, म्हणजे शेतातल्या ठिबकच्या नळीचे, कॉक आणले. सगळं मिळून १२८ रुपये. खाचा चांगल्या, प्लास्टिक उन्हातान्हात टिकणारं, आणि बिघडलं तर कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळेल.

अडचण मापाची आहे. ठिबकमधलं १६ मिमी हे लॅटरलचं बाहेरचं माप. जॉइनर त्याच्या पोकळीत जातो, म्हणून तो १६/२२ च्या नळीत ढिला बसतो. टेफ्लॉन टेपचे जाड वेढे देऊन क्लिप आवळल्यावर थांबला. तसाच चालवून पाण्याची धार मोजली. पद्धत सोपी : फिल्टरमधून पाणी परत सोडणारी नळी टाकीच्या काठाइतक्या उंचीवर धरून १५ लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते बघायचं.

नुसती नळी, कुठलाही जोड नाही : ७२ सेकंद, म्हणजे ताशी ७५० लिटर. ठिबकचे कॉक आणि एल्बो लावून : १२८ सेकंद, म्हणजे ताशी ४२० च्या आसपास.

जवळपास निम्मं पाणी जोडांनीच अडवलं. कॉक उघडून आत पाहिलं तर पाणी जायची वाट बोटाच्या पेराहूनही अरुंद. शेतात एका लॅटरलवरून थेंब थेंब द्यायचं असतं, तिथे हे पुरतं. १२/१६ नळीचा लहान फिल्टर असेल तर मात्र हेच जॉइनर घ्या. नळी गरम पाण्यात मऊ करून चढवली की ती त्यावर घट्ट बसते, कॉकही तिथे फारसा नडत नाही. माझ्या फिल्टरला उपयोग नाही.

९ फेब्रुवारी

सीपीव्हीसीचा तुकडा तसाच नळीत २५ मिमी सारून वरून स्टीलची होज क्लिप आवळली. गळती नाही. मग नळीला पाच लिटरचा पाण्याचा कॅन टांगला. थोडा वेळ धरलं, मग नळी सावकाश घसरत खाली आली. पाइप गुळगुळीत, नळी मऊ, धरायला काही नाही. क्लिप अजून आवळली तर नळी क्लिपच्या पट्टीखाली कातरायला लागली. केबल टाय लावून पाहिले, ते तर कुलपाच्या बाजूला नळीला नीट दाबतच नाहीत, तिथून पाणी झिरपलं.

थोडक्यात पाइपच्या टोकाला कडा हवी.

१५ फेब्रुवारी

टोक गरम करून फुगवायचा प्रयत्न. उकळत्या पाण्यात पांढरा यूपीव्हीसी मिनिटभरात मऊ होतो, हवा तसा दाबता येतो. सीपीव्हीसी त्याच पाण्यात कितीही वेळ ठेवा, ढिम्म हलत नाही, कारण तो गरम पाण्याच्या लाइनसाठीच बनवलेला असतो. गॅसच्या ज्योतीवर धरू नका. पाइप बाहेरून करपतो, आतून कडकच राहतो, आणि करपलेल्या पीव्हीसीचा धूर आम्लाचा असतो, घसा आणि डोळे धरतो. हा मार्ग सोडला.

१६ फेब्रुवारी

तोडगा कपलरमध्ये सापडला. दोन पाइप जोडणारा अर्धा इंची कपलर ९ रुपयांना मिळतो. त्याची पोकळी पाइपवर बसायलाच केलेली असते. मग कपलरच्याच चकत्या कापायच्या, पाइपच्या टोकावर सोल्युशननं चिकटवायच्या आणि कानशीनं घासून उतार द्यायचा.

चकती कुठून कापता त्यावर सगळं आहे. कपलरची पोकळी आत निमुळती होत जाते. तोंडाजवळची चकती पाइपवर खुळखुळते, सोल्युशन लावलं तरी एका बाजूला कलते. मधल्या कडेच्या अलीकडची, आतली चकती घट्ट बसते. म्हणजे एका कपलरमधून कामाच्या दोनच चकत्या निघतात, दोन्ही बाजूंची एकेक. रुंदी ७ मिमी ठेवली. ५ मिमीची कापून पाहिली, पण घासताना तिची कड उडाली.

सोल्युशन सीपीव्हीसीचं, पिवळं. पाइपवर आणि चकतीच्या आत दोन्हीकडे पातळ हात. चकती थोडी फिरवत बसवायची आणि अर्धं मिनिट दाबून धरायची, नाहीतर निमुळत्या पोकळीमुळे ती परत बाहेर सरकते. आत आलेला ओघळ लगेच चिंधीनं पुसला. तोच ओघळ वाळून पाण्याची वाट अडवतो.

हाताने घासून पहिलं टोक केलं. आकार बरा, पण गोलाई नाही. एका बाजूला १८ मिमी, दुसरीकडे १७. नळी चढली, ओढीलाही टिकली, पण चपट्या बाजूनं बारीक घाम येत राहिला.

२० फेब्रुवारी

संध्याकाळी सातपूरला एका टर्नरकडे गेलो. नायलॉनच्या गजातून असं टोक लेथवर काढून द्यायचे १५० रुपये नग सांगितले. दर वाजवी आहे, ज्यांना कटकट नको त्यांनी तेच करावं. माझा नमुना हातात घेऊन त्यांनी अंगठ्यानं कड चाचपली आणि म्हणाले, “साहेब, पुढचा उतार चांगला दिलाय, पण पाठ पण गोल केलीत. पाठ उभीच ठेवा. नळी चढायला उतार लागतो, अडकायला धार लागते.”

बरोबर होतं. मी दोन्ही बाजूंनी घासत होतो. पाठीमागची कड चकती कापल्यावर जशी उभी येते तशीच सोडायची, तिला कानस लावायचीच नाही.

पाइप फिरवायचा उपायही त्यांनीच सांगितला. ड्रिल मशिनच्या जबड्यात १३ मिमीपर्यंतच धरता येतं, १५.९ चा पाइप जात नाही. पण पाइपची पोकळी १२ मिमीहून थोडी जास्त आहे. १२ मिमीचा बोल्ट घ्यायचा, डोकं कापून टाकायचं, त्यावर इन्सुलेशन टेपचे वेढे द्यायचे आणि पाइप त्यावर दाबून बसवायचा. बोल्टचं दुसरं टोक ड्रिलच्या जबड्यात.

२२ फेब्रुवारी

तसंच केलं. ड्रिल व्हाइसमध्ये आडवं पकडलं, वेग कमी, वर सपाट कानस टेकवली. पाइप बोल्टवर घसरायला लागला की टेपचा एक वेढा वाढवायचा. वेग वाढवला की सीपीव्हीसी तापून कानशीच्या दातांत चिकटतो, म्हणून सावकाश. भुकटी फार बारीक उडते, तोंडाला मास्क बांधा. शेवटी २२० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून फिरवला.

ज्यावर नळी घट्ट आणि तरीही हाताने चढते ती मापं अशी : टोकाकडची बाजू १५.९, म्हणजे पाइपच्याच बरोबरीची. कडेपाशी १८ मिमी. पाठ उभी. कडेमागे साधा पाइप निदान ३० मिमी, म्हणजे क्लिपला जागा मिळते. कडा १९ मिमी ठेवूनही पाहिली, नळी चढवताना दोन माणसं लागली आणि नळीवर पांढरी रेघ उमटली. १७ ला कॅन टांगल्यावर नळी सरकली. १८ वर थांबा.

नळी चढवण्यापूर्वी टोक गरम पाण्यात, हाताला चटका बसेल इतक्या, उकळत्या नव्हे. कडेच्या पुढे नीट सरकवून घ्यायची आणि क्लिप कडेच्या मागे आवळायची, कडेवर कधीच नाही. कडेवर आवळली की क्लिप उताराकडे घसरते आणि नळीलाही घेऊन जाते.

पाच लिटरचा कॅन रात्रभर टांगून ठेवला. सकाळी नळी होती तिथेच. मग दोन्ही हातांनी ओढली. नळी ताणली गेली, पण कडा सोडली नाही.

२३ फेब्रुवारी

आता आराखडा. कॉक आणि युनियन (हाताने उघडून सुटा करता येणारा जोड) खाली फिल्टरशेजारी बसवायचा आधी विचार होता. त्यात प्रत्येक लाइनवर नळीचे चार जोड येतात. त्याऐवजी काठावरून वळलेला पाइपच टाकीच्या मागून सरळ खाली स्टँडपर्यंत आणला. तिथे कॉक, त्याखाली युनियन, त्याखाली आपलं कडेचं टोक, आणि मग फिल्टरपर्यंत आखूड नळी. जोड राहिले प्रत्येकी दोन. धुताना कॉक बंद करायचा, युनियन उघडायचं, आणि फिल्टर नळ्यांसकट उचलायचा. नळ्यांची तोंडं वर धरली की आतलं पाणी सांडत नाही. या सगळ्याचं वजन काचेवर येऊ नये म्हणून स्टँडच्या मागच्या फळीला पाइप क्लॅम्पनं आवळला.

युनियन चिकटवताना जपा. त्याचा ओ-रिंग (गळती रोखणारं रबरी कडं) आधी काढून ठेवा आणि सोल्युशन नुसतं पाइपच्या टोकाला लावा. ओ-रिंग बसते त्या पृष्ठभागावर एक ठिपका जरी वाळला तरी ते युनियन आयुष्यभर ठिबकणार. माझ्या दोनपैकी एकावर तसा ठिपका आला. पॉलिश पेपरनं घासून सपाट करायला गेलो तर ओरखडे पडले आणि गळती वाढली. ४८ रुपयांचं नवीन आणलं. युनियन हाताने आवळायचं, पाना लावायचा नाही.

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्रीची सुट्टी. ओढीचं टोक आणि स्प्रे बार केले.

ओढीच्या टोकाला एंड कॅप (टोक बंद करणारं टोपण), त्यावर हॅकसॉनं आडव्या फटी. पाइपच्या पोकळीचं क्षेत्रफळ साधारण १२० चौरस मिमी. एक फट १ मिमी रुंद आणि १० मिमी लांब, म्हणजे १० चौरस मिमी. बारा फटींत हिशेब जुळतो, पण फटी पानं-काडीकचऱ्यानं भरतात म्हणून तिप्पट पाडल्या. समोरासमोर पाडू नका, एकाआड एक पाडा, नाहीतर पाइप त्या ठिकाणी मोडतो. बारीक पिल्लं असतील तर वर स्पंजचं टोपण चढवा.

स्प्रे बारला ४ मिमीची दहा भोकं, म्हणजे एकूण क्षेत्रफळ पुन्हा पोकळीइतकंच. भोकं एका रेषेत यावीत म्हणून पाइप लोखंडी अँगलच्या खोबणीत ठेवून पेन्सिलनं रेघ मारली. आधी २ मिमीचं बिट, मग ४ चं. थेट ४ चं लावलं की गोल पाइपवरून घसरतं.

स्प्रे बार त्याच्या एल्बोत सोल्युशन न लावता कोरडाच बसवला. तो पाण्याच्या आतच असतो, तिथे थोडं झिरपलं तरी टाकीतच जातं, आणि शेवाळ काढायला उपसता येतो.

चिकटवलेलं सगळं सामान आता गॅलरीत वाळत. सोल्युशनमधली द्रव्यं उडून जाईपर्यंत माशांच्या पाण्यात घालायचं नाही. वाळल्यावर बादलीत बुडवून ठेवणार आणि रोज पाणी बदलणार. नाकाला वास येणं पूर्ण थांबलं की मगच टाकीत.

१ मार्च

जोडून चालवलं. कुठे एक थेंब नाही. कोरडा टिश्यू पेपर प्रत्येक जोडाभोवती फिरवला, कोरडाच निघाला. पण फिल्टर खडखडतोय. मोटर मधूनच गुरगुरते, आणि स्प्रे बारमधून बारीक बुडबुड्यांची दुधी धार येते. तिरका करून हवा काढली की तात्पुरता शांत होतो, मग परत तेच. इम्पेलर (मोटरचा पाणी ढकलणारा पंखा) काढून साफ केला, स्पंज पिळून घेतले. फरक नाही.

२ मार्च

कारण सापडलं. या सगळ्या नोंदींतली सर्वात महत्त्वाची गोष्ट हीच, म्हणून सविस्तर लिहितो.

काठावरून जाणारा ओढीचा पाइप मी दोन एल्बो वापरून केला होता. तिथे दाब नगण्य, आणि धुताना सुटा करता यावा, म्हणून ते एल्बोही कोरडेच, टेफ्लॉन टेपवर बसवलेले. पण हा भाग पाण्याच्या पातळीच्या वर आहे. पाणी इथून सायफननं वर चढून पलीकडे उतरतं, त्यामुळे पाइपच्या आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. इथे फट असेल तर पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. टिश्यू पेपर कोरडाच राहणार.

पातळीच्या खाली उलट. तिथे फट असेल तर पाणी बाहेर येतं आणि दिसतं. म्हणजे दिसणारी गळती खालची, ऐकू येणारी वरची.

खात्री अशी केली : फिल्टर चालू ठेवून मगने एकेका वरच्या जोडावर बारीक धार सोडली. आतल्या बाजूच्या एल्बोवर पाणी पडताच खडखड थांबली, कारण फटीतून हवेऐवजी पाणी जायला लागलं. धार थांबवली की खडखड सुरू. कोणालाही पाच मिनिटांत करता येईल अशी ही तपासणी आहे.

एल्बो चिकटवून टाकले असते तर प्रश्न सुटला असता, आणि घाई असेल तर तेच करा. मला मात्र पातळीच्या वर जोडच नको वाटले. शिवाय दोन काटकोन पाण्याला अडवतात ते वेगळंच. या जोडणीत बादली भरायला ८४ सेकंद लागले होते.

८ मार्च

पाइप वाकवला. यासाठी हॉट एअर गन लागते, मित्राची आणली. एक मीटरचा जादा तुकडा सरावासाठी, ६५ रुपये.

पाइपमध्ये वाळू ठासून भरायची, म्हणजे वाकवताना तो चपटा होत नाही. वाळू तव्यावर भाजून पूर्ण कोरडी करून घ्या. दमट वाळूची आत वाफ होते आणि टोकाचं बूच उडतं. दोन्ही टोकांना चिंधीचे बोळे घट्ट बसवले. मग जिथे वळण हवं तिथली १५ सेंमी लांबी सतत फिरवत तापवायची. गन एका जागी थांबली की डाग पडतो, आधी पिवळा मग तपकिरी, आणि तपकिरी झालेला भाग ठिसूळ असतो, तो तुकडा टाकून द्या. नीट तापला की पाइप शिजलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखा आपल्याच वजनानं लवतो. त्या क्षणी ८ सेंमी जाडीच्या काचेच्या बरणीभोवती वळवायचा आणि ओल्या फडक्यानं गार करायचा. फडकं लावेपर्यंत हात सोडायचा नाही, तो परत उघडतो.

सरावाच्या तुकड्यावर पहिलं वळण आतून सुरकुतलं, कारण तापवलेली लांबी कमी पडली, जेमतेम ८ सेंमी होती. १५ वर जमलं. काम गॅलरीत, वारा पाठीमागून.

दोन्ही लाइनींची वळणं आता अखंड पाइपाची. पाण्याच्या पातळीच्या वर एकही जोड नाही.

९ मार्च

खडखड बंद. बुडबुडे बंद. बादली ७८ सेकंदांत, म्हणजे ताशी ६९० लिटरच्या आसपास. जोड नसलेल्या नळीपेक्षा ६ सेकंद जास्त, ते मला चालतात. पाइपची पोकळी नळीपेक्षा लहान आहे, तेवढं नुकसान या पद्धतीत धरूनच चालावं लागतं.

सामान टाकीवर बसवलं. मोटरच्या वायरला सॉकेटच्या खाली झोल ठेवला, म्हणजे कधी पाणी वायरवरून ओघळलंच तर ते सॉकेटमध्ये न जाता झोलाच्या तळाशी टपकेल. हे घरगुती जोड असोत की कंपनीचे, प्रत्येकानं करावं.

१५ मार्च

आठवड्यानंतर क्लिपांना पुन्हा पेचकस लावला. चारही क्लिपांना पाव ते अर्धा फेरा सापडला. नळी दाबली जाऊन बसते, त्यामुळे हे होणारच. आठवड्यानं एकदा आवळलं की मग गरज पडत नाही.

त्याच दिवशी ओढीच्या पाइपला, पाण्याच्या नेहमीच्या पातळीखाली ४ सेंमीवर, ३ मिमीचं भोक पाडलं. खालची नळी कधी निसटलीच तर सायफननं टाकी रिकामी होऊ लागते. पातळी त्या भोकाशी आली की भोकातून हवा शिरते आणि सायफन तुटतो. ९० × ४५ च्या टाकीत ४ सेंमी म्हणजे १६ लिटर. तेवढं पाणी पुसता येतं, १६० लिटर खालच्या मजल्यावर उतरतं. युनियन उघडून नळी मुद्दाम बादलीत सोडली आणि तपासलं : भोक उघडं पडताच पाइप खळखळला आणि धार थांबली. गोगलगाय किंवा शेवाळ ते भोक बुजवू शकतं, म्हणून पाणी बदलताना त्यातून टूथपिक फिरवायची.

१३ एप्रिल

पहिली धुलाई. कॉक बंद, युनियन उघडली, फिल्टर न्हाणीघरात. जमिनीवर पडलं ते वाटीभर पाणी, युनियनच्या तोंडातलं. कॉक थोडे जड झालेत. महिन्यातून एकदा उघड-बंद करत राहिलं पाहिजे, नाहीतर ऐनवेळी दांडी तुटायची. ओ-रिंगना सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात दिला. व्हॅसलिन लावू नये, त्यानं काही रबरं फुगतात.

उन्हाळ्याची एक गोष्ट. टाकीवर पंखा लावला की पाणी झपाट्यानं आटतं, आणि पातळी त्या ३ मिमी भोकाखाली गेली की फिल्टर हवा ओढतो. गेल्या आठवड्यात एकदा खडखड ऐकू आली ती यामुळेच. भोकाच्या वर दोन सेंमीवर काचेला मार्करनं रेघ मारली आहे, पाणी त्या रेघेला आलं की भर घालायची.

खर्च, लागलेल्या सामानाचा : सीपीव्हीसी पाइप ३ मीटर १९०, कपलर दोन १८, स्प्रे बारचा एल्बो ११, बॉल व्हॉल्व्ह (म्हणजे कॉक) दोन २२०, युनियन दोन ९६, एंड कॅप दोन १६, सोल्युशन ६५, स्टीलच्या क्लिपा चार ८८, नळी २ मीटर १२०, क्लॅम्प दोन १२. एकूण ८३६ रुपये. प्रयोगात गेलेलं वेगळं : ठिबकचं सामान १२८, बाद युनियन ४८, वळणं जमल्यावर निरुपयोगी झालेले चार एल्बो ४४, सरावाचा पाइप ६५. ड्रिल, व्हाइस, कानस घरात होती. नसतील आणि मागूनही मिळत नसतील, तर कडेची दोन टोकं टर्नरकडून ३०० रुपयांत करून घ्या आणि वळणांना चिकटवलेले एल्बो वापरा. तरीही कंपनीच्या संचापेक्षा बरंच कमी पडतं.

क्लिप घेताना पट्टी आणि स्क्रू दोन्हींना चुंबक लावून पाहा. माझ्या चारपैकी एकीची पट्टी स्टेनलेस होती, पण स्क्रू साधा, आणि तो आत्ताच तांबूस पडलाय. उद्या तेवढा बदलतो.